कोश आला, दफ्तर राहिले

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतल्या फारसी शब्दांची केलेली मोजणी इतक्या लेखांत आणि व्याख्यानांत येऊन गेली आहे की ती आता पुरावा कमी आणि सुभाषित जास्त झाली आहे. मोजणी अशी: 1628 सालच्या एका पत्रात एकूण शब्द 236, त्यांतले फारसी 202. 1677 च्या पत्रात 135 पैकी 51. 1728 च्या पत्रात 127 पैकी अवघे 8. म्हणजे शंभर वर्षांत फारसीचे प्रमाण शेकडा शहाऐंशीवरून अडतीसावर आणि तिथून सहावर आले. या तीन तारखांच्या मधोमध 1674 चा राज्याभिषेक उभा आहे आणि त्याच सुमारास रचला गेलेला राज्यव्यवहारकोशही. त्यामुळे गोष्ट आपोआप जुळते: छत्रपतींनी आज्ञा केली, पंडितांनी कोश केला आणि फारसी मराठीतून हद्दपार झाली. ही गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. राजवाड्यांचे आकडे खरे धरले तरी त्यांतून ती सिद्ध होत नाही. माझे म्हणणे असे की कोशाने बदलले ते सिंहासनाभोवतीचे शब्द. दफ्तरातले शब्द दफ्तर बदलल्याखेरीज बदलत नाहीत, आणि दफ्तर पुरते कोणीच बदलले नाही; शिवाजी महाराजांनी नाही, पेशव्यांनी नाही, इंग्रजांनीही नाही.

फारसी मराठीत शिरली कशी, हे आधी पाहायला हवे, कारण ती गेली कशी याचे उत्तर त्यातच आहे. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, 1318 पर्यंत यादवांचे राज्य संपले, 1347 मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली. एवढ्यावरून फारसी तलवारीच्या बळावर लादली गेली असा निष्कर्ष काढला जातो. पण सुलतानाला गावोगावचा सारा वसूल करायचा होता, आणि कोणाच्या शेतात काय पिकते, कोणती जमीन कोणाच्या वतनात, हे ठाऊक असणारी माणसे म्हणजे कुलकर्णी आणि देशपांडे. त्यांची लेखणी मराठीत चालायची. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा 1534 मध्ये गादीवर आला. त्याने सरकारी हिशेबातून फारसी काढून देशी भाषा आणली आणि त्यामुळे कारभारात ब्राह्मणांचे वजन वाढले, असे इतिहासकार फेरिस्ता लिहितो. दख्खनच्या सुलतानांचे द्विभाषिक कागद आजही पाहायला मिळतात: वर फारसी मजकूर, खाली मोडीत मराठी. म्हणजे मराठीला कचेरीबाहेर काढून फारसी आत आली, असे झालेले नाही. मराठीच कचेरीत गेली आणि तिथले शब्द उचलून बाहेर आली. ते उचलणारे हात मराठी कारकुनांचे होते. हिशेब, जमा, खर्च, वसूल, बाकी, कौल, इनाम, फिर्याद हे शब्द कोणी त्यांच्या तोंडात कोंबले नव्हते. त्या कामाचे नावच ते होते.

आता राजवाड्यांच्या 1628 च्या पत्राकडे वळू. 236 पैकी 202 शब्द फारसी असलेले हे पत्र मराठी म्हणायचे कशाच्या आधारावर? शब्दांच्या संख्येवर तर नक्कीच नाही. आधार आहे तो वाक्याच्या सांगाड्याचा. ‘करणे’, ‘देणे’, ‘जाणिजे’ ही क्रियापदे, षष्ठी-चतुर्थीचे प्रत्यय, शब्दांचा क्रम हे सारे मराठी आणि त्यावर चढवलेला साज फारसी, अशी या पत्रव्यवहाराची घडण असे. आणि हा साज कचेरीचा होता, साऱ्या मराठीचा नव्हे. त्या पत्राच्या बारा वर्षे आधी, 1616 मध्ये, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याची ओवी संतांच्या वळणाची आहे, कचेरीच्या फारसीने भरलेली नाही. देहूत तुकोबांचे तारुण्य याच काळातले. त्यांच्या अभंगांत फारसी शब्द आहेत, पण शंभरात शहाऐंशी नव्हेत, त्याच्या जवळपासही नव्हेत. त्याहून बोलका पुरावा एकनाथांचा. भागवतावरची टीका लिहिताना नाथांची भाषा संस्कृत-प्राकृताच्या प्रवाहातून चालते. पण तेच नाथ ‘अर्जदस्त’ नावाचे रूपक लिहायला बसतात तेव्हा सुलतानाला पाठवायच्या अर्जाचा नमुना उचलतात. अर्ज करणारे जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून, परगणा शरीराबाद. जीव, बुद्धी आणि शरीर यांना सरकारी हुद्दे आणि मुलूख वाटून नाथांनी देवाच्या दरबारात कैफियत मांडली आहे. ही गंमत ऐकणाऱ्याला कळायची तर दोन गोष्टी हव्यात: अर्जाची भाषा त्याच्या कानावरून गेलेली असली पाहिजे आणि ती आपल्या बोलण्याहून वेगळी आहे हेही त्याला जाणवले पाहिजे. सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांना ते जाणवत होते. राजवाड्यांनी शहाऐंशी टक्के मोजले ते या अर्जाच्या भाषेतले. ते मराठी भाषेचे प्रमाण म्हणून वाचणे म्हणजे आज एखाद्या साठेखताची भाषा मोजून महाराष्ट्र असाच बोलतो म्हणण्यासारखे आहे.

राज्यव्यवहारकोशाचे मोठेपण याने उणे होत नाही. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला हा कोश अमरकोशाच्या धर्तीवर श्लोकबद्ध आहे. सुमारे 1380 शब्द आणि दहा वर्ग: राजा, कार्यस्थाने, भोग्य वस्तू, शस्त्रे, चतुरंग सेना, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य. एका राज्याला जे जे लागते त्या सगळ्याची ही यादीच आहे. यावनी शब्द द्यायचा आणि त्यापुढे संस्कृत पर्याय ठेवायचा, अशी रीत. त्या काळच्या कारभारात कोणकोणते फारसी शब्द चालत होते हे आज कळते, त्यात या कोशाचाच मोठा हात आहे. ज्यांना घालवायचे त्यांचीच नोंद त्याने नीट करून ठेवली. कोशामागची बुद्धी राजकीय होती आणि ती अचूक होती. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, शिवाजीराजांची संस्कृतात. राज्याभिषेकासोबत नवा शक सुरू झाला, अष्टप्रधानांना नवी नावे मिळाली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. कोणत्याही सुलतानाची सनद न घेता उभे राहिलेले हे राज्य आहे, हे सांगण्याचा तो एक मार्ग होता. पण सांगायचे कोणाला? पंडितांना, शेजारच्या राजांना, दरबारात उभ्या असलेल्यांना. संस्कृत श्लोकांतला कोश पाठ करून सुपे परगण्यातला कारकून जमाखर्च लिहील, अशी अपेक्षा कोणी केली असेल असे वाटत नाही.

पुढे काय झाले ते कागदच सांगतात. शाहू महाराजांच्या काळात पेशव्यांच्या मुद्रेवर ‘मुख्य प्रधान’ अशीच अक्षरे होती. म्हणजे पन्नासेक वर्षांनंतरही राज्याभिषेकाची आज्ञा मुद्रेवर पाळली जात होती. पण त्या माणसाला महाराष्ट्र म्हणत होता पेशवा, इतिहासही म्हणतो पेशवा आणि त्या साऱ्या कालखंडाला आपण पेशवाई म्हणतो. मुद्रेवर संस्कृत आणि तोंडात फारसी, ही जोडी शतकभर बिनतक्रार चालली. सचिव आणि अमात्य टिकले, पण भोरच्या आणि बावड्याच्या घराण्यांचे किताब म्हणून: पंतसचिव, पंतअमात्य. हुद्द्याचे काम गेले आणि शब्द वंशपरंपरेने घरात राहिला. ‘सेनापती’ मात्र खरोखर रुजला, हे कबूल करायला हवे. दाभाड्यांच्या नावामागे तो शोभतोही. पण त्याच सेनेच्या पोटी ‘सेनासाहेबसुभा’ आणि ‘सेनाखासखेल’ हे किताब आले, पहिला नागपूरकर भोसल्यांचा, दुसरा पुढे बडोद्याच्या गायकवाडांचा. एकेक शब्द सुटा करून पाहिला तर संस्कृताला अरबी-फारसी सरळ सांधलेली दिसते. कोश झाल्यानंतरच्या पिढ्यांनी हे केले आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. गडांचेही तेच. तोरण्याला प्रचंडगड नाव दिले गेले, लोकांनी तोरणाच ठेवला. रायरीचा रायगड मात्र झाला, कारण तिथे राजधानीच वसली. रामचंद्रपंत अमात्य हे राज्याभिषेकाच्या व्यवस्थेत वाढलेले मुत्सद्दी. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांच्या आज्ञापत्रात गडाचा बंदोबस्त सांगताना हवालदार, सबनीस, कारखानीस हेच येतात. गडावर ती माणसे होती, त्यांचे ते काम होते, दुसरे काय लिहिणार?

सर्वांत चिवट निघाली ती तारीख. राज्याभिषेक शक होता, शालिवाहन शक होता, तरी पेशवे दफ्तरातला कारकून वर्ष लिहायचा ते सुहूर सनाचे, आणि तेही अरबी संख्यावाचकांनी. पानिपतची लढाई झाली जानेवारी 1761 मध्ये. त्या वर्षाच्या कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे सापडते: इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, एकूण 1161. त्यात 599 मिळवले की 1760 येते, म्हणजे जून 1760 ते जून 1761. पुण्यातला शास्त्रानुसार संध्या करणारा ब्राह्मण कारकून रोज सकाळी दौत उघडून अरबी आकडे लिहीत होता, अब्दालीशी लढाई चालू असतानाही. याला धर्मभ्रष्टता म्हणायचे की लाचारी? दोन्ही नाही. सुहूर सन मृग नक्षत्रावर सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पेरणी मृगावर होते, साऱ्याचे वर्ष पेरणीबरोबर चालते. चैत्र पाडव्याला शेतकऱ्याच्या खळ्याचा हिशेब मिटलेला नसतो. ज्या सनाने वसुलीचा मेळ बसतो तो सन दफ्तराने ठेवला, मग त्याचे आकडे कोणत्याही भाषेतले असोत.

यावर रास्त आक्षेप असा की मग 1728 च्या पत्रात फारसी शब्द आठच कसे उरले? काही तरी तर घडले असलेच पाहिजे. घडले, आणि ते महत्त्वाचे आहे. सुलतानी फर्मानांच्या वळणाची पत्रे मागे पडली. लांबलचक फारसी मायने, हाल व इस्तकबालच्या, म्हणजे आताच्या व पुढच्या, कारकुनांना उद्देशून होणारी सुरुवात, हुजुराची स्तुती हे सारे गळाले आणि त्या जागी ‘श्रियासह चिरंजीव’, ‘विनंती उपरी’, ‘बहुत काय लिहिणे’ ही मराठी-संस्कृत सरणी आली. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही आता मराठी राज्यातले होते. सुलतानाची मर्जी सांभाळायचे कारण उरले नव्हते. हे स्वराज्याचे फळ आहे आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण गळाले ते मायन्याचे फारसी, आणि छोट्या पत्रात मायना हाच निम्मा मजकूर असतो. शिवाय तीन पत्रे म्हणजे जेमतेम पाचशे शब्द. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांची पत्रे याच अठराव्या शतकातली, पण ती वाचताना सहा टक्क्यांचा भरवसा धरता येत नाही. तिथे रोजचे काम बादशहा, वजीर, बक्षी, सनदा यांच्याशी होते आणि भाषेत ते उतरले. खुद्द मराठी दरबारात फारसी पत्रव्यवहारासाठी स्वतंत्र हुद्दा होता, पारसनीस. तो हुद्दा आता आडनाव होऊन राहिला आहे, फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस या बाकीच्या ‘निसां’सारखा. प्रमाण चढते-उतरते ते पत्र कोण कोणाला कशासाठी लिहितो यावर. साल हे त्यातले एक कारण, एकमेव नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. कोश झाला नसता तर मराठी फारसीत विरघळून गेली असती, असे अनेकांना मनापासून वाटते. पण भाषा विरघळते ती नामे उसनी घेतल्याने नव्हे. मराठीने फारसीकडून नुसती नामे घेतली नाहीत, शब्दयोगी अव्यये घेतली: ऐवजी, बद्दल, शिवाय, खेरीज, मार्फत, तर्फे, बाबत. ‘फारसीऐवजी संस्कृत शब्द वापरा’ हे वाक्यसुद्धा त्या ‘ऐवजी’वाचून उभे राहत नाही. दर, बे, गैर हे उपसर्ग घेतले आणि देशी शब्दांना जोडले: दरवर्षी, बेचव, गैरसमज. इतके आत येऊनही मराठीचे मराठीपण हलले नाही. उलट आलेल्या शब्दांनी आपले मूळ अर्थ सोडले आणि इथले घेतले, आणि ते कसे घेतले हे दफ्तरातच दिसते. अरबी ‘हरकत’ म्हणजे हालचाल. सतराव्या शतकातल्या मराठी आज्ञापत्रांत ‘हिलाहरकत न करणे’ अशी ताकीद वारंवार येते: सबब सांगू नये, चुळबुळ करू नये, सनदेप्रमाणे चालू द्यावे. ज्या कागदात हालचाल म्हणजे अडथळा, त्या कागदातून बाहेर पडलेला शब्द अडथळ्याचाच अर्थ घेऊन आला. आज आपण ‘हरकत घेतो’ किंवा ‘काही हरकत नाही’ म्हणतो. ‘राजीनामा’ म्हणजे संमतीचा कागद. मुंबई इलाख्याच्या महसुलात खातेदार जमीन सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत. हक्क सोडण्याचा कागद म्हणून तो शब्द रुळला, आणि जमिनीवरून नोकरीकडे व मंत्रिपदाकडे जायला मग फार वेळ लागला नाही. शिकवण्याचा अर्थ असलेली ‘तालीम’ पुण्या-कोल्हापुरात लाल मातीत उतरली. हे शब्द फारसी बोलणाऱ्यासमोर ठेवले तर तो गोंधळेल. ज्या शब्दाचा अर्थ मूळ भाषिकालाच लागत नाही, तो परका कोणत्या न्यायाने?

याच प्रश्नावर विसाव्या शतकात पुन्हा रण पेटले. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, फारसीचे प्राध्यापक. त्यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर कैवारी झाले. सावरकरांनी चळवळ उभी केली. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे महापौर, चित्रपट, दिग्दर्शक, दिनांक, हुतात्मा हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. मग आज्ञेने भाषा बदलत नाही हे म्हणणे खोटे ठरले का? यश कुठे आले ते पाहिले तर उलटच दिसते. महापौर रुजला कारण मेयर नावाची गोष्ट मराठी माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारात नव्हती. चित्रपट आणि दिग्दर्शक ही तर वस्तूच नवी. हुतात्मा हा गौरवाचा शब्द, सिंहासनाच्या जवळचा. ‘दिनांक’ला मात्र तारखेशी टक्कर द्यावी लागली आणि तडजोड झाली. दिनांक अर्जाच्या कोपऱ्यात बसला. लग्नाची तारीख ठरते, कोर्टाची तारीख पडते, ती तारीखच.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय आले, पदनाम कोश निघाला, पुढे शासन व्यवहार कोश. नावात राज्यव्यवहारकोशाची आठवण उघड आहे, कामही तेच. सचिवालय, संचालक, आयुक्त, अधीक्षक हे शब्द त्या खटपटीने पक्के झाले, आणि मुंबईच्या मंत्रालयातला ‘सचिव’ पाहिला की 1674 मध्ये सुरनिसाचा केलेला सचिव पुन्हा कामावर रुजू झाला असे वाटते, या वेळी खऱ्याखुऱ्या हुद्द्यावर. तो रुजू होऊ शकला कारण मंत्रालयातली कचेरी इंग्रजी घाटाची, नवी होती. तालुक्याच्या गावी मात्र कचेरी जुनी आहे. तिथे तहसीलदार बसतो, वारसनोंद होते, फेरफार पडतो, हरकती मागवल्या जातात, खातेदाराच्या नावापुढे इतर हक्कांचा रकाना असतो. 2024 मध्ये शासनाने तलाठ्याचे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले. गावात त्याला अजून तलाठीच म्हणतात, आणि सरकारी कागदावर आलेल्या नव्या, भारदस्त पदनामाच्या मधोमध अरबी ‘महसूल’ बसलेला आहे.